विंचेस्टरचं अपुरं बायबल

या पोथीच्या काही पानांवर सोनं आहे, पण रंग नाही. मजकुराच्या स्तंभात मोठं आद्याक्षर रेखलेलं आहे, अक्षराच्या पोटात माणसं उभी आहेत, सोन्याचा वर्ख जागच्या जागी बसवून घोटलेला आहे. चेहरे, हात, कपडे मात्र तपकिरी रेषेपुरतेच. चित्रकाराने इथे काम थांबवलं आणि नंतर कुणी ते पुढे नेलं नाही. काही अक्षरांच्या वाट्याला तर वर्खही आला नाही, नुसतं रेखाटन झालं. त्याच पोथीतली दुसरी पानं गडद निळ्या, शेंदरी आणि हिरव्या रंगांनी भरलेली आहेत. बाराव्या शतकातल्या युरोपीय चित्रकलेचं जे उत्तमातलं उत्तम काम आज शिल्लक आहे, त्यात या पानांची गणना होते.

ही पोथी म्हणजे विंचेस्टर बायबल. दक्षिण इंग्लंडमधलं विंचेस्टर ही एकेकाळी वेसेक्सच्या राजांची राजधानी. तिथल्या कॅथीड्रलला लागून सेंट स्विदन यांच्या नावाचा बेनेडिक्टाइन मठ होता. साधारण 1150 ते 1180 या काळात तिथे हे बायबल घडत होतं. त्या शतकातली इंग्लंडमध्ये तयार झालेली जी मोठी बायबलं टिकून आहेत, त्यांत आकाराने सर्वांत मोठं हेच. 468 पत्रं, म्हणजे 936 पृष्ठं. प्रत्येक पान जवळपास 58 सेंटिमीटर उंच आणि 40 सेंटिमीटर रुंद.

पोथी पुरी झाली असती तर आपल्याला फक्त तिचं वैभव दिसलं असतं. ती अपुरी राहिली, म्हणून ते वैभव कसं घडत गेलं तेही दिसतं. कुणी रेखलं, कुणी वर्ख चढवला, कुणी वीस वर्षांनी येऊन दुसऱ्याच्या रेषेवर स्वतःचा रंग भरला, हे सगळं पानांवर उघडं आहे. आणि या हातांचा माग काढत गेलं की वाट इंग्लंडबाहेर पडते. ती सिसिलीला जाते, स्पेनला जाते, कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन कलेपर्यंत पोचते.

कातडं, शाई, सोनं

सुरुवात वासरांपासून होते. चर्मपत्रासाठी कातडी चुन्याच्या पाण्यात भिजत घालायची, केस काढायचे, लाकडी चौकटीवर ताणून बांधायची आणि अर्धगोल पात्याने खरवडत पातळ करायची. या आकाराची दोन पत्रं एका कातड्यातून निघतात, त्यामुळे पोथीला सुमारे 250 वासरं लागली असा हिशेब केला जातो. डागाडुगाचं, भोकं पडलेलं कातडं बाजूला काढावं लागत असणार. म्हणजे निवड त्याहून मोठ्या ढिगातून झाली.

जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीला आणि पाचव्याच्या आरंभी सिद्ध केलेलं लॅटिन बायबल हा मजकूर. दोन स्तंभ, प्रत्येकात 54 ओळी. जवळजवळ सगळी पोथी एकाच लेखनिकाने लिहिली, दुसऱ्याने तिच्यात दुरुस्त्या केल्या. हंसाच्या पिसाची लेखणी आणि ओकच्या झाडावरच्या गाठींपासून केलेली काळी शाई घेऊन त्या एका माणसाला हे काम करायला चारेक वर्षं लागली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्याचं नाव कुठेही नाही. शेवटच्या पानांपर्यंत अक्षराची ठेवण ढळलेली नाही, एवढीच त्याची ओळख.

लिहिताना तो प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी आद्याक्षरासाठी जागा सोडत गेला. तिथे चित्रकार यायचा. आधी रेखाटन. मग वर्खाच्या जागी थोडा उंचवटा येईल असा लेप, त्यावर सोन्याचा पापुद्रा आणि गुळगुळीत दगडाने किंवा दाताने घोटणं. सोनं नेहमी रंगाच्या आधी, कारण घोटताना आजूबाजूचा रंग खराब झाला असता. त्यानंतर रंगांचे थर, शेवटी काळी बाह्यरेषा आणि उजळ भागांवर पांढऱ्याचे बारीक फटकारे. हा क्रम जुन्या ग्रंथांतूनही कळतो. विंचेस्टरच्या पानांवर मात्र तो टप्प्याटप्प्याने बघायला मिळतो, कारण प्रत्येक टप्प्यावर थांबलेलं एखादं तरी अक्षर तिथे आहे.

यातला निळा रंग लाजवर्दाचा. तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरांतून यायचा आणि व्यापाऱ्यांच्या हातांतून हजारो मैलांची मजल मारत इंग्लंडला पोचायचा. मराठी माणसाला हा निळा नवा नाही. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या भित्तिचित्रांतही लाजवर्द सापडला आहे, आणि त्याचाही उगम त्याच डोंगरांत मानला जातो. वाघूर नदीच्या काठावर बोधिसत्त्वांच्या कथा रंगवणाऱ्यांनी जो निळा वापरला, तोच सातशे वर्षांनी इंग्लंडमध्ये यिर्मयाच्या मागे पसरला.

राजाचा भाऊ

एवढा खर्च कुणी केला? पोथीत तशी नोंद नाही, पण बहुतेक अभ्यासक एकाच माणसाकडे बोट दाखवतात. हेन्री ऑफ ब्ल्वा 1129 ते 1171 अशी बेचाळीस वर्षं विंचेस्टरचा बिशप होता. तो विल्यम द काँकररचा नातू, इंग्लंडचा राजा स्टीफन याचा भाऊ. बालपण आणि शिक्षण फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठात. इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत माणसांमध्ये त्याचा समावेश होता, आणि सुंदर वस्तूंचा त्याला मनापासून सोस होता.

रोमला गेला असताना त्याने तिथले जुने पुतळे विकत घेऊन विंचेस्टरला धाडल्याची हकिकत जॉन ऑफ सॉल्सबरी या समकालीन लेखकाने लिहून ठेवली आहे. ख्रिस्ती बिशप मूर्तिपूजकांचे पुतळे जमवतो याचं तेव्हा रोमकरांनाही नवल वाटलं होतं. कॅथीड्रलमध्ये आजही त्या काळातलं बाप्तिस्म्याचं एक भव्य दगडी पात्र आहे. ते आजच्या बेल्जियममधल्या तूर्नेच्या काळ्या दगडाचं, संत निकोलसच्या कथा कोरलेलं. ब्रिटिश म्युझियममध्ये हेन्रीची आकृती असलेली मीनाकामाची पाटी आहे. त्याच्याशी नातं सांगणाऱ्या आणखी एका विंचेस्टरच्या पोथीत, विंचेस्टर साल्टरमध्ये, मरियेची दोन चित्रं थेट बायझंटाइन प्रतिमेवरून उतरवल्यासारखी आहेत.

म्हणजे बायबलचे चित्रकार विंचेस्टरला आले तेव्हा परदेशी काम तिथे आधीच पोचलेलं होतं. शिवाय गावाची स्वतःची परंपरा होती. दहाव्या शतकात याच गावात बिशप एथेलवोल्डसाठी एक आशीर्वादग्रंथ तयार झाला. जाड सोनेरी चौकटींना गुंडाळणारी पानं आणि वाऱ्याने फडफडावेत तसे कपड्यांचे काठ ही त्याची खूण. ती चंचल रेषा इंग्लिश चित्रकलेत पुढेही दिसत राहिली.

नाव नसलेले चितारी

1945 साली वॉल्टर ओकशॉट यांनी ‘द आर्टिस्ट्स ऑफ द विंचेस्टर बायबल’ हे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केलं. ओकशॉट हे विंचेस्टर कॉलेज या शाळेशी संबंधित होते. तिथे शिकवत असताना 1934 साली त्यांनी शाळेच्या तिजोरीत मॅलरीच्या आर्थर राजाच्या कथांचं हस्तलिखित शोधून काढलं होतं. पुढे ते त्याच शाळेचे मुख्याध्यापक आणि ऑक्सफर्डचे कुलगुरू झाले. बायबलची अक्षरं त्यांनी एकेक करून तपासली. चेहरा, कपड्याची चुणी, हाताची बोटं यांवरून त्यांनी सहा चितारी वेगळे काढले आणि नावं नव्हती म्हणून त्यांना कामावरून नावं दिली. झेपावत्या आकृत्यांचा चितारी, अपोक्रिफा रेखाटनांचा चितारी, उत्पत्तीच्या आद्याक्षराचा चितारी, अमालेकी चितारी, मॉर्गन पानाचा चितारी आणि गॉथिक मॅजेस्टीचा चितारी. नंतरच्या अभ्यासकांनी तपशिलात फेरफार केले, पण नावं तीच चालू आहेत.

यातला पहिला, झेपावत्या आकृत्यांचा चितारी, कुणालाही स्थिर उभं राहू देत नाही. त्याचा संदेष्टा गुडघ्यात वाकलेला असतो, मान एकीकडे, धड दुसरीकडे. यिर्मयाच्या पुस्तकाच्या आरंभीचं त्याचं अक्षर बघावं. परमेश्वर वरून झुकलाय, त्याचा हात यिर्मयाकडे आलाय. तरुण संदेष्टा अंग मागे घेतो आहे आणि त्याच वेळी त्या हाताकडे ओढलाही जातो आहे. ‘मी अजून लहान आहे, मला बोलता येत नाही’ अशी तक्रार करणारा यिर्मया त्या वळणात पुरा उतरलेला आहे. त्याच्या झग्यावर लांबट थेंबाच्या आकाराच्या वळशांनी मांडी, पोट, खांदा वेगळे दाखवलेत. पावसात भिजलेलं धोतर अंगाला चिकटावं, तसं ते कापड शरीराला बिलगलेलं आहे.

या शैलीला कला-इतिहासात ‘ओली चुणी’ म्हणतात. इंग्लंडमध्ये ती ठळकपणे दिसली ती 1130 च्या दशकात, बरी सेंट एडमंड्सच्या मठासाठी मास्टर ह्यूगोने रंगवलेल्या बायबलमध्ये. हा ह्यूगो धातूचं कामही करायचा. मठाच्या जुन्या इतिहासात त्याची एक गोष्ट आहे: आपल्या भागात मनासारखं कातडं मिळेना म्हणून त्याने ते स्कॉटलंडकडून मागवलं. ओल्या चुणीचं मूळ बायझंटाइन कलेत. तिथे कपड्यातून शरीराची घडण दाखवण्याची ग्रीक काळापासूनची रीत होती. ह्यूगोने आणि त्याच्यानंतर विंचेस्टरच्या या चिताऱ्याने ती रीत घेतली, पण तिची नक्षी केली. कॉन्स्टँटिनोपलमध्ये जी चुणी शरीराचं वजन सांगायची, ती इंग्लंडमध्ये वेग सांगू लागली. एथेलवोल्डच्या ग्रंथातली जुनी फडफड तिच्यात येऊन मिसळली.

वीस वर्षांनंतर

मग दुसरी पिढी आली. तिच्यातला सर्वांत थोर, मॉर्गन पानाचा चितारी, ज्या पानावरून ओळखला जातो ते पान आज विंचेस्टरमध्ये नाही. ते न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे. बँकर जे. पी. मॉर्गन यांनी ते 1912 साली विकत घेतलं. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभी लागणारं हे पूर्ण पानाचं चित्र. एका बाजूला शमुवेलाची कथा, दुसऱ्या बाजूला दावीदाची.

दावीदाची बाजू तीन पट्ट्यांत विभागलेली आहे. वर बाल दावीद आणि चिलखतातला अवाढव्य गल्याथ. मध्ये वीणा वाजवणाऱ्या दावीदावर भाला उगारलेला शौल राजा, आणि शमुवेलाच्या हातून दावीदाचा अभिषेक. खाली बंडखोर मुलगा अबशालोम केसांनी झाडाला लटकलेला, यवाबाचा भाला त्याच्या अंगात. शेजारी ती बातमी ऐकून दावीद राजा आपल्या झग्याचं टोक चेहऱ्याकडे नेतो आहे. राज्य वाचलं, मुलगा गेला. चिताऱ्याने त्याचा हुंदका खांद्यांच्या घडीत दाखवलाय. आसपासचे लोक त्याच्याकडे बघत आहेत, पण त्याला कुणी हात लावत नाही.

चेहरे जवळून पाहिले की तंत्र कळतं. कातडीच्या रंगाखाली हिरवट छटा आहे, डोळ्यांखाली आणि जबड्यापाशी ती सावली म्हणून ठेवलेली आहे, नाकावर आणि कपाळावर उजेड आहे. ही थेट बायझंटाइन चित्रकारांची रीत. कपडे आता अंगाला चिकटून नाचत नाहीत, आपल्या वजनाने खाली पडतात. विशेष म्हणजे पानाचं मूळ रेखाटन अपोक्रिफा चिताऱ्याचं आहे. मॉर्गन चिताऱ्याने ते रंगवलं, आणि रंगवताना वेगळंच करून टाकलं.

अशी हातांची अदलाबदल पोथीत इतरत्रही आहे. स्तोत्रसंहितेच्या आरंभी एकाऐवजी दोन बी अक्षरं आहेत, कारण जेरोमने स्तोत्रांचे दोन पाठ तयार केले होते आणि पोथीत ते शेजारी शेजारी लिहिलेत. एका अक्षरात मेंढरं वाचवण्यासाठी सिंहाशी आणि अस्वलाशी झुंजणारा दावीद, दुसऱ्यात दुष्टात्म्याला हाकलणारा आणि नरकाची दारं फोडणारा ख्रिस्त. रेषा झेपावत्या चिताऱ्याची, रंग उत्पत्तीच्या चिताऱ्याचा. ज्यांना बायझंटाइन कलेचे इंग्लंडमधले दोन टप्पे बघायचे आहेत, त्यांना हे एक पान पुरेसं आहे. आकृतीची उसळी पहिल्या पिढीची, चेहऱ्यावरचा गंभीर उजेड दुसरीचा. एकाच मूळ कलेतून पहिल्याने गती घेतली, दुसऱ्याने माणसाचं दुःख घेतलं.

पालेर्मोची वाट

बायझंटाइन कलेचं हे दुसरं दर्शन दुसऱ्या पिढीच्या चिताऱ्यांना कुठे झालं? बहुतेक बोटं सिसिलीकडे वळतात. इंग्लंडप्रमाणेच सिसिलीही नॉर्मनांनी जिंकली होती. रॉजर दुसरा 1130 साली तिथे राजा झाला. त्याच्या पालेर्मोच्या राजवाड्यातल्या कपेला पालातिना या चॅपेलसाठी ग्रीक कारागिरांनी मोझेइक केलं. घुमटावरचा लेख 1143 सालचा आहे. त्याच चॅपेलचं लाकडी छत अरबी कारागिरीचं. कारभार लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तीन भाषांत चालायचा.

इंग्लंड आणि सिसिली यांच्या दरबारांत माणसांची ये-जा होती. थॉमस ब्राउन नावाचा इंग्रज रॉजरच्या सेवेत होता, अरबी कागदपत्रांत त्याचं नाव ‘काइद ब्रून’ असं येतं. नंतर तो इंग्लंडला परतून दुसऱ्या हेन्री राजाच्या खजिन्यात बसला. रिचर्ड पामर हा इंग्रज सिराक्यूजचा बिशप होता. 1176 साली सिसिलीचे दूत हेन्रीच्या मुलीला, जोनला, मागणी घालायला आले आणि तिला बघायला विंचेस्टरलाच गेले. फेब्रुवारी 1177 मध्ये पालेर्मोला तिचं राजा दुसऱ्या विल्यमशी लग्न झालं. त्याच सुमारास पालेर्मोजवळ मोनरेआलेचं मोझेइक उभं राहत होतं.

अशा प्रवासात एखादा चितारी सामील झाला असेल, किंवा नमुन्यांची वही कुणाच्या तरी सामानातून आली असेल. प्रवाशाचं नाव सापडलेलं नाही. पण मॉर्गन चिताऱ्याने मोझेइकचं नुसतं ऐकीव वर्णन घेतलेलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यांवरून स्पष्ट होतं. सोनेरी भिंतीसमोर उभा राहून उजेड कुठे पडतो हे त्याने पाहिलं होतं, किंवा ज्याने पाहिलं होतं अशा माणसाकडून तो शिकला होता.

राजाची मागणी

दुसऱ्या हेन्रीचा या पोथीशी आणखी एक संबंध सांगितला जातो. सॉमरसेटमधल्या विदमच्या नव्या कार्थूजियन मठाचा प्रमुख ह्यू, पुढचा संत ह्यू ऑफ लिंकन, राजाकडे पुस्तकांच्या अडचणीबद्दल बोलला. विंचेस्टरच्या भिक्षूंनी भोजनगृहात वाचण्यासाठी एक सुंदर बायबल नुकतंच केलंय, हे राजाच्या कानावर आलं. त्याने ते मागून घेतलं आणि विदमला भेट दिलं. काही काळाने विंचेस्टरचा एक भिक्षू विदमला आला आणि बोलता बोलता ही पोथी कुठून आली ते सांगून गेला. ह्यूने ती तत्काळ परत पाठवली. ही हकिकत ह्यूचा चरित्रकार ॲडम ऑफ आइन्शम याने नोंदवली आहे. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातही विंचेस्टरशी नातं असलेलं त्या काळातलं एक मोठं बायबल आहे, त्यामुळे राजाने नेलं ते कोणतं यावर अभ्यासकांत वाद आहे.

1171 साली बिशप हेन्री वारला. त्याच्यामागे काम काही वर्षं चाललं, मग थांबलं. यहूदीथ आणि मक्काबी यांच्या पुस्तकांसाठी अपोक्रिफा चिताऱ्याने आखलेली पूर्ण पानाची चित्रं रंगाविनाच राहिली. 1539 मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला. त्या वर्षांत इंग्लंडमधली कितीतरी हस्तलिखितं फाडली गेली, विकली गेली. हे बायबल कॅथीड्रलमध्ये राहिलं. मात्र त्यातली काही आद्याक्षरं पुढे कुणीतरी कापून नेली. पानावर आज तिथे चौकोनी भोकं आहेत.

सिखेनाच्या भिंती

विंचेस्टरचे चितारी पुढे कुठे गेले, याचा सर्वांत मोठा धागा स्पेनमध्ये मिळाला. आरागोनची राणी सांचा हिने 1188 साली सिखेनाचा मठ स्थापला. त्याच्या सभागृहाच्या कमानींवर जुन्या कराराच्या कथा रंगवलेल्या होत्या. देवदूत आदामाला जमीन खणायला शिकवतो आहे, नोहा तारू बांधतो आहे, कमानींच्या पोटात ख्रिस्ताच्या पूर्वजांची रांग. 1936 मध्ये जोसेप गुदिओल यांनी त्यांची छायाचित्रं काढली. त्याच वर्षी यादवी युद्ध पेटलं आणि मठाला आग लावण्यात आली. कोरीव लाकडी छत जळालं, भिंतींवरचे रंग उष्णतेने करडे पडले. उरलेली चित्रं भिंतींवरून उतरवून बार्सिलोनाला नेण्यात आली.

कला-इतिहासकार ऑटो पेख्त यांनी 1961 साली दाखवून दिलं की ही चित्रं इंग्रज हातांची आहेत. ओकशॉट यांनी 1972 मध्ये सिखेना आणि विंचेस्टर यांच्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. मॉर्गन पानावरचे चेहरे आणि सिखेनाचे चेहरे शेजारी ठेवले की नातं लपत नाही. तेच खोल डोळे, तीच हाताची ठेवण, तेच वजनदार कपडे. इंग्रज चितारी सिसिलीची नजर घेऊन आरागोनच्या एका मठात पोचले होते.

या भिंतींवरून आज वाद चालू आहे. चित्रं बार्सिलोनाच्या कॅटलान कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, आरागोनला ती परत हवी आहेत. मे 2025 मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने आरागोनच्या बाजूने कौल दिला. संग्रहालयाचे जाणकार सांगतात की आगीतून वाचलेला हा रंगाचा थर अतिशय ठिसूळ आहे आणि हलवाहलवीत त्याला इजा होऊ शकते. ज्या मठाचं सर्वस्व गेलं, त्याची मागणी रास्त आहे. चित्रांची नाजूक अवस्थाही तितकीच खरी आहे. या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवून घाईविना काम झालं, तरच त्या चिताऱ्यांचं उरलंसुरलं काम पुढच्या पिढ्यांना दिसेल.

विंचेस्टरचं बायबल तुलनेने सुखरूप आहे. 2014 च्या डिसेंबरपासून 2015 च्या मार्चपर्यंत त्याचे दोन खंड न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये मांडले होते, सोबत मॉर्गन पानही. 2019 पासून ते कॅथीड्रलमधल्याच नव्या दालनात बघता येतं. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून तासाभराची गाडी आहे. तिथे राहणाऱ्या, किंवा तिकडे गेलेल्या मराठी वाचकाने एक दिवस यासाठी काढावा. पोथी आणि मॉर्गन चिताऱ्याशी नातं सांगणारी भित्तिचित्रं असलेलं होली सेपल्कर चॅपेल एकाच इमारतीत आहे. आधी पोथीतले चेहरे निवांत बघावेत, मग चॅपेलच्या भिंतीवर क्रुसावरून उतरवल्या जाणाऱ्या ख्रिस्ताभोवतीचे चेहरे. त्याच घडणीचे, पण कित्येक पटींनी मोठे.